प्रार्थनेचा विषय

३ मार्च, मंगळवार

धाकटी आज बोलली! बाळ पोटातच गेल्यापासून माझी ही जाऊ हो-नाहीच्या पलीकडे जात नव्हती. भांडी विसळता विसळता एकदम म्हणाली, "ताई, मला प्रार्थना येत नाही हो आता. ओठ हलतात, आत काहीच नसतं." मग घाबरून — "कुणाला सांगू नका. घरातसुद्धा नको." मी तिचा ओला हात धरला. नाही सांगणार म्हटलं.

४ मार्च, बुधवार

चर्चमध्ये बायकांची प्रार्थनासभा. पाळकीणबाईंनी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. कुणाचा गुडघा, कुणाच्या लेकीचं लग्न. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्या जवळच्या एका बहिणीचं बाळ गेलंय. तिची प्रार्थनाच बंद पडलीय." नाव घेतलं नाही हं! सगळ्यांनी किती कळवळून प्रार्थना केली. मलाही भरून आलं. हलकी होऊन घरी आले.

नाव नाही घेतलं — पण आमच्या मंडळीत बाळ गेलेली दुसरी आहे कोण? हे आत्ता लिहिताना सुचतंय. तिथे बसले तेव्हा अक्कल कुठे गहाण टाकली होती?

६ मार्च

व्हायचं तेच झालं. पाळकीणबाई आल्या, बरोबर सभेतली ती चष्मेवाली. मी मशीनवर, शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडत होते. दोघी थेट धाकटीच्या खोलीत. "बाळा, सैतान अशाच वेळी गाठतो गं." चष्मेवालीने तर न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू!

धाकटीने त्यांना चहा दिला. दारापर्यंत सोडायला गेली. परत येताना माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

नंतर बघते तर शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच.

८ मार्च, रविवार

ती उपासनेला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे. चर्चच्या दारातच एकेक जण मला गाठत होती — "कशी आहे ती? खातेपिते ना?" प्रेमानेच विचारत होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या आवाजात एक चव होती. बुधवारी माझ्याही आवाजात ती होती का?

होती.

९ मार्च

माफी मागितली. त्यातही "तुझ्याच भल्यासाठी" असं निघून गेलं. जळलं मेलं माझं तोंड!

ती शांतपणे म्हणाली, "देवालाच सांगायचं होतं ना, ताई? मग तिथे चारचौघींत कशाला?"

प्रभूचं नाव पुढे केलं आणि मागे उभी राहून चांगली म्हणवून घेतलं. ह्यांचं आपलं एकच — "होईल गं सगळं ठीक." कसलं ठीक! ती आता मी स्वयंपाकघरातून उठल्यावरच भांड्यांना हात लावते.

१५ मार्च, रविवार

आजही आली नाही. तिची जागा मी पर्स ठेवून धरली होती. गीत चालू असताना कुणीतरी पर्स उचलून माझ्या मांडीवर दिली आणि बसलं.

१७ मार्च

गुडघे टेकले. "प्रभू" म्हटलं, पुढे काही येईना. पाठ असलेलं सगळं म्हणून पाहिलं. उठले.

१८ मार्च, बुधवार

सभेला गेले नाही. धाकटीच्या दारात उभी राहिले. "मलाही येत नाही गं आता. नुसते ओठ हलतात."

तिने पलंगावर सरकून मला जागा केली. मग म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."