केलबचा मागचा एक्सल

प्रिय केलब,

प्रभूच्या कृपेने घरी सर्व कुशल आहे. गाडी मात्र नाही.

एकोणसत्तर सालची आपली ती गाडी तू घर सोडल्यापासून गॅरेजात उभी होती. यंदा मी तिचे इंजिन पुन्हा बांधले, ते ॲरिझोनात टूसॉनला तुझ्याकडे येण्याच्या एकाच निश्चयाने. परंतु मागच्या एक्सलची दातेरी चाके तू निवडलेली, शर्यतीची: पाव मैल वाऱ्यासारखे धावायचे आणि तिथेच थांबायचे. काल आपल्या टोलेडोबाहेर हायवेवर नेली, तर बेताच्या वेगातच इंजिन किंचाळू लागले.

चर्चमधला मेकॅनिक वर्नन गाडीखालूनच ओरडला, "पास्टर, असल्या एक्सलवर ॲरिझोना? इंडियाना ओलांडायच्या आत इंजिन देवाघरी जाईल! लांब पल्ल्याची चाके घाला, आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स."

"ती केलबने बसवली आहेत."

"मग ढकलायलाही केलबलाच बोलवा!"

बायबलातल्या त्या मुलाने म्हाताऱ्या बापाला आपल्याकडे आणण्यासाठी मिसर देशातून गाड्या धाडल्या होत्या. तू साधा फोनही उचलत नाहीस, आणि मी तुझ्याच चाकांपाशी अडून बसलो आहे! ती ठेवली तर तुझ्यापर्यंत पोहोचत नाही. काढली तर तू म्हणशील, बाबांनी शेवटी स्वतःचेच खरे केले.

खुशाल म्हण. वर्ननला मी होकार दिला आहे. हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या दाराखालून स्वतःच सरकवीन. आधी कळले तर तू घर बंद करून निघून जाशील. तुझी दातेरी चाके डिकीत घालून आणतो आहे. ती परत घ्यायला तरी दारापर्यंत ये.

प्रभूमध्ये तुझा, आणि अजूनही रागावलेला,
बाबा