अकरा एकांचा आकडा

॥ श्री ॥
पावस, १२ फेब्रुवारी १९८६

चि. हरिश्चंद्र यास गोदाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कलमं चांगली मोहोरलीत, पण तुडतुडा पडलाय. अप्पा बरे आहेत. आई गेल्यावर त्यांची अन्नावरची वासना उडाली होती, ती त्या आकड्याने परत आणली. एकापुढे एक असे अकरा एक मांडायचे. अप्पा म्हणतात, याला कशानेच भाग जात नाही. जायचाच तर बाविसाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल, हेही त्यांनीच काढलंय. सकाळी दाढी करून ओटीवर भागाकाराला बसतात. एकवीस हजार ओलांडलेत. एक लाख पाच हजारांपर्यंत गेलं की सिद्ध झालं म्हणे. होईना का उशीर, तोवर मला भांडायला माणूस आहे.

तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आलाय असं लिहिलंस. त्याला अप्पांचा आकडा तेवढा घालू नकोस, बाबा.

लोभ आहे तसाच राहू दे.
गोदाताई

मुंबई, २४ फेब्रुवारी १९८६

ती. गोदाताईस सा. न. वि. वि.

घातला. चहा यायच्या आत उत्तर आलं. २१६४९ गुणिले ५१३२३९ केलं की बरोबर अकरा एक येतात. अप्पांच्या आकड्याला भाग जातो.

तू रागावशील. पण आठवीत अप्पांनी भर वर्गात माझे गणिताचे मार्क वाचले आणि म्हणाले, माझ्या पोटी धोंडा आला. त्यानंतर आजतागायत एकदा शाबास म्हणाले नाहीत. मीही आजच त्यांना कार्ड टाकतोय. बाबल्या पोस्टमन रिवाजाप्रमाणे ओटीवर उभा राहून मोठ्याने वाचेल. वाचू दे. ऐकायला चार माणसं असली तर बरंच.

तुझी माया कमी होऊ नये, ही विनंती.
हरी

पावस, ५ मार्च १९८६

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

कार्ड पोचलं. बाबल्याने वाचलं. फवारणीचे गडी ओटीवर चहा घेत होते. कुणी हसलं नाही, कारण कुणाला काही कळलंच नाही. तुझी तेवढी हौस फुकट गेली.

अप्पांनी पाटी मागितली, गुणाकार करून पाहिला. मग म्हणाले, गोदे, आणखी सहा-सात भागाकार, की या आठवड्यात मलाच सापडला असता. भाग गेला याचं त्यांना काही नाही. तू त्यांना तिथवर पोचू दिलं नाहीस. सगळे कागद त्यांनी आपल्या हाताने न्हाणीच्या चुलीत घातले. तेव्हापासून दाढी केलेली नाही. ताटावर बसतात आणि घासभर खाऊन उठतात.

तुला कळवायला सांगितलंय, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते. उत्तर बरोबर आहे. शाबास.

जन्मभर हवी होती ना तुला, घे. लोभाचं आज मला काही लिहवत नाही.

गोदा