उलटी केलेली खुर्ची

अण्णा, आज माझी फिरती खुर्ची उलटी केली आणि शिसारी आली हो! मी घरूनच ऑफिसचं काम करते. महिनाभर ही खुर्ची मला घेऊन हळूहळू खाली जायची. मीटिंग सुरू होताना स्क्रीनवर अख्खी दिसायचे, संपेपर्यंत नुसतं कपाळ उरायचं. शेवटी सात रस्ता चौकातल्या दुकानातनं खुर्ची वर उचलून धरणारा गॅसचा नवा दांडा आणला आणि तुमच्यासारखा जमिनीवर पेपर अंथरला. चाकांत माझ्याच केसांची गुंतवळं, काळं वंगण, त्यात नखाचा तुकडा आणि भाताचं शीत. शी! बैठकीखाली कडेकडेनं वाळलेला शेंबूड. एखादा नव्हे, रांगच. या खुर्चीवर घरात दुसरं कुणी बसत नाही. पन्नाशीची बाई, ऑफिसातल्या चौघींना शिस्त लावते, आणि खालून ही अशी.

तुम्ही तर जन्मभर हेच खरवडलंत. कचेऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करता करता एकदा आमच्या शाळेतही आलात. व्हरांड्यात हेडमास्तरांची खुर्ची उलटी पडली आहे, खाली चघळलेल्या माव्याचे गोळे चिकटलेत, आणि तुम्ही उकिडवे बसून ते अंगठ्याच्या नखानं काढताय. मैत्रिणी नाकाला रुमाल लावून बघतायत. मी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हटलं, "अण्णा, पान्यानं काढा की!" तुम्ही मानही वर केली नाहीत. "लोखंडानं रेक्झिन फाटतंय. आदी घाण काढायची, मग पाना लावायचा. बाजूला हो, उजेड अडतोय." मग हेडमास्तर आले, बसले, गर्रकन फिरले, "झकास!" म्हणाले. किळस त्यांची यायला हवी होती. मला आली तुमची.

आज मी हातमोजे घालून स्टीलच्या पट्टीनं खरवडलं, तरी दोनदा उठून चूळ भरली. रेक्झिन फाटलंच. जुना दांडा हातोडीनं ठोकून ठोकून निघाला, नवा बसला, खुर्ची आता वर राहते. तिच्यावरच बसून लिहितेय.

दही-शेंगाचटणीत भाकरी कुस्करून पहिला घास मला भरवायची तुमची रीत होती. शाळेतल्या त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आधी राखेनं, मग साबणानं हात घासलेत, मी बघत होते. तरी घास पुढं आल्यावर तोंड घट्ट मिटलं. "पोट दुखतंय," म्हटलं. आई म्हणाली, "आत्ता तर उड्या मारत हुती की!" तुम्ही आपल्या हाताकडं बघितलंत आणि तो घास स्वतःच खाल्लात. त्यानंतर कधी भरवला नाहीत, अगदी जाईपर्यंत.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. तेव्हा मला फार वाईट वाटलं, असं लिहायला बसले होते. तेच शोभलं असतं. पण मेलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलू? तुम्ही भरवायचं बंद केलंत ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं, अण्णा. लई बरं वाटलं होतं.