जुविता आणि सूर्या, १२-१२-१२

१४ मार्च २०१७, मंगळवार

आजपासून रोजनिशी. नियम : रोज लिहायचे. खाडाखोड नाही. शुद्धलेखनाची चूक नाही.

कारण गंभीर आहे. बूदेचे दुकान जाणार. बूदे म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, मुर्तिना. हे मला माहीत आहे, पण नोंद पूर्ण असावी. सेमारांगच्या जुन्या शहरात कालव्यालगतच्या गल्लीत तिचे सोतोचे दुकान आहे. कोंबडीचा रस्सा, भात, वर तळलेला लसूण. मागच्या खोलीत आम्ही दोघे राहतो. मालक जकार्तात असतो. त्याचा माणूस पाक, म्हणजे श्रीयुत, गुनादी आज आला, दोन वाट्या सोतो खाल्ला आणि मग म्हणाला की इमारत पाडून गाड्या लावायला जागा करणार आहेत. एप्रिलअखेर सही दिली तर नव्या मंडईत खालच्या मजल्यावर, अगदी दारापाशीचा गाळा. बूदेने एवढेच विचारले, नळ आहे का? तो म्हणाला, आहे की, दोन आहेत. बूदे म्हणाली, मग आण कागद.

मी थांबवले. सांगितले की ही वास्तू डच काळातली आहे, अशी पाडता येत नाही. गुनादी म्हणाला, अरे विदाग्दो, मालकाच्या बापानं अठ्ठ्याऐंशी साली बांधली ही, विटा मी उतरवून घेतल्यात. बोलण्यात आत्मविश्वास फार होता. त्यावरून खोटे वाटले.

१७ मार्च, शुक्रवार

मी काम करतो त्या झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीची नियमावली कुणीतरी काचेवर विसरून गेले. वाचली. इमारत जुनी असल्याचा पुरावा लागतो : कागदपत्रे किंवा जुना फोटो. आमची कागदपत्रे भरतीच्या पाण्यात गेली. सेमारांगात जे सापडत नाही ते भरतीच्या पाण्यातच गेलेले असते.

म्हणजे फोटो. संकल्प : रोज कामावरून आल्यावर दोन तास इंटरनेटवर जुन्या सेमारांगचे फोटो तपासणे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुरावा हाती.

२५ मार्च, शनिवार

मध्ये लिहिणे झाले नाही. 'रोज' म्हणजे रोज लिहिण्यासारखे असेल तेव्हा, असा अर्थ घ्यावा.

डोळे दुखतात. स्टेशन सर्व बाजूंनी पाहिले. बँका पाहिल्या. घुमटाचे चर्च इतक्या वेळा पाहिले की स्वप्नात येते. डचांनी कालव्याचा फोटो पुलावरून काढला, पुलाचा कालव्यातून काढला. पण वळून आमच्या गल्लीत यावे असे एकालाही वाटले नाही. त्यांचे नुकसान.

शिवाय फोटोंखाली लोक काय वाटेल ते लिहितात. एकाने 'गव्हर्नर' चुकीचा लिहिला होता. दुरुस्त केला. त्याने उत्तरादाखल माकडाचे चित्र पाठवले.

३ एप्रिल, सोमवार

सापडला!!

दोन उद्गारचिन्हे अशुद्ध आहेत. राहू देत.

जुन्या फोटोंच्याच एका ग्रुपवर होता. तपकिरी. आमच्याच तीन कमानी, आमचाच डावीकडचा तडा. पुढे एक जोडपे. पुरुष पांढऱ्या सुटात, कडक टोपी, चेहऱ्यावर नुकसान सोसलेल्या व्यापाऱ्याचे गांभीर्य. बाई लेसच्या झग्यात. तिच्या हातात छोटासा चपटा आरसा आहे, त्यात ती मान खाली घालून पाहते आहे. एक सायकल. एक चामड्याची पेटी. आणि मधोमध लाकडी फलक : 'जुविता आणि सूर्या', त्याखाली '१२-१२-१२'.

आता माझे शास्त्र. फलकावर रोमन लिपीत दोन्ही नावांतला 'उ' डचांच्या पद्धतीने, 'ओ' आणि 'ई' जोडून लिहिला आहे. स्वातंत्र्यानंतर ती पद्धत गेली. आता नुसता 'यू' लिहितात. म्हणजे फोटो स्वातंत्र्यापूर्वीचा. तारीख तर फलकावरच आहे : १२ डिसेंबर १९१२. ही 'जुविता आणि सूर्या' नावाची व्यापारी पेढी, आणि हा तिच्या उद्घाटनाचा दिवस. माणसे खोटे बोलतात. स्पेलिंग बोलत नाही.

५ एप्रिल, बुधवार

मोठी प्रत काढून दुकानात दाखवली. सायकलरिक्षावाले पाक सक्री रोज सकाळी सोतोला येतात, त्यांनी विचारले, काय मिस्टर, ही कंपनी विकायची काय? मी म्हणालो, बहुधा मसाले. ते म्हणाले, बाईकडं बघून मसाल्याचं वाटत नाही, साबणाचं वाटतंय. मी दुर्लक्ष केले.

बूदेने हात पुसून प्रत उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, हिच्या कपाळावर घामाचा एक थेंब नाही रे. एवढा झगा घालून? सेमारांगात?

मी समजावले की १९१२ साली हवा थंड असावी. पडताळून पाहायचे आहे.

११ एप्रिल, मंगळवार

समितीकडे अर्ज दिला. सुनावणी ९ मे. गुनादीची मुदत ३० एप्रिल. नऊ दिवस मागे-पुढे. कारकुनाला तारीख अलीकडे घ्या म्हणालो. तो म्हणाला, भाऊ, इमारत शंभर वर्षं उभी आहे ना, मग नऊ दिवसांत काय पडतीय?

जुविता आणि सूर्या यांच्या वंशजांचा शोध सुरू. वंशजांनी समितीपुढे दोन शब्द बोलावेत अशी योजना. फोन डिरेक्टरीत सूर्या फार आहेत. सात जणांना फोन केले. पाच जणांनी ठेवून दिला. एकाने सायकलची ट्यूब हवी का विचारले.

२४ एप्रिल, सोमवार

ताप. वंशजांचे काम स्थगित.

दुपारी बूदेने कपाळावर ओला पंचा ठेवला आणि सहज विचारावे तसे विचारले, सही करून टाकू का रे? मी म्हणालो, मुळीच नाही. ती म्हणाली, दारापाशीचा गाळा जाईल. वर दिला तर मला चढायचं होत नाही, गुडघे आहेत माझे. मी म्हणालो, वरचा काय नि खालचा काय, आपण जाणारच नाही. तिने पंचा उलटून ठेवला. मग म्हणाली, तुझी खात्री आहे ना, दाग्दो? मी म्हणालो, शंभर टक्के. ती म्हणाली, बरं. तू वाचलंयस, मी कुठं वाचलंय.

अकरावीत शाळा सुटल्यानंतर असे कुणी म्हटले नव्हते.

३० एप्रिल, रविवार

गुनादी कागद घेऊन आला. बूदेने त्याला सोतो वाढला, लिंबू पिळून दिले आणि सांगितले की सही नाही. तो म्हणाला, बाई, दारापाशीची जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवलीय, खाली कोळंबीवाली टपून बसलीय. बूदेने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तो म्हणाला, ह्या पोराच्या मानेवर चाललात होय! मग चाललंच. वाटी रिकामी करून गेला.

रात्री बूदेने भांडी नेहमीपेक्षा जास्त घासली.

८ मे, सोमवार

उद्या सुनावणी. तयारी पूर्ण. भाषण पाठ. शर्टाला इस्त्री. समितीच्या नोटिशीत शुद्धलेखनाची एक चूक आहे. ती शेवटी, सौजन्याने दाखवायची.

आत्ता पुन्हा एकदा इस्त्री केली. कॉलरमुळे.

९ मे, मंगळवार, सकाळी

व्हरांड्यात बसून लिहितो आहे. दारावर समितीच्या अध्यक्षांच्या नावाची पाटी आहे : बू, म्हणजे श्रीमती, जुविता. योगायोग नसावा. इतके दिवस शोधत होतो ते वंशज इथेच निघाले. माझी बाजू भक्कम.

बूदे शेजारी बसली आहे. लग्नाकार्याचे बाटिकचे वस्त्र नेसून आली आहे. आज दुकान बंद ठेवले.

त्याच दिवशी, दुपारी

जसे घडले तसे लिहितो.

बू जुविता पस्तिशीच्या, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. मी भाषण सुरू केले. पेढी, १९१२, 'ओ' आणि 'ई'. त्यांनी फोटो हातात घेतला. आधी डोळे मोठे केले. मग तोंडावर रुमाल धरला. मला वाटले, पूर्वज पाहून भरून आले.

त्या म्हणाल्या, अगंबाई, हे कुठं मिळालं तुम्हाला? ही मी!

मी म्हणालो, साम्य आहे खरे.

त्या म्हणाल्या, साम्य काय अहो, मीच! हा माझा नवरा. लग्नाआधीचे फोटो नाही का काढत सगळे, जुन्या काळचे कपडे भाड्यानं आणून? बारा-बारा-बाराला लग्न आमचं, पाच वर्षं होतील डिसेंबरात. आणि हा हसत का नाही, तर विजार कमरेला होत नव्हती. मी फोनवर आईला मेसेज करत होते, तेवढ्यात फोटोवाल्यानं काढला.

आरसा म्हणजे फोन.

मी विचारले, मग स्पेलिंग? त्या म्हणाल्या, फोटोवाला म्हणाला असं लिहिलं की जुनं वाटतं.

इतर दोन सभासद टेबलावर डोके ठेवून हसत होते. बू जुविताच पहिल्यांदा थांबल्या. बूदेकडे पाहून म्हणाल्या, मावशी, इमारत जुनी असेलही, पण हे चालायचं नाही. दुसरं काही आहे का? बूदेने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे नोटिशीतली चूक होती. ती दाखवली नाही.

१० मे, बुधवार

विचारांती : बू जुविता यांच्या पणजीचे नावही जुविता असू शकते. चेहरे पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. त्यांनी मोबाइलवर रंगीत प्रत दाखवली, पण फोटो नंतर रंगवता येतो. फेरविचाराचा अर्ज करावा.

दुपारी अर्ज लिहायला बसलो. 'महोदया' लिहिले आणि पुढे सुचले नाही.

बूदे कालपासून मला एक शब्दही बोललेली नाही, म्हणजे वाईट असा एकही. जेव म्हणते, नीज म्हणते. त्यापेक्षा तिने डावाने मारले असते तर बरे. मी म्हणालो, बूदे, माझे चुकले. ती म्हणाली, मिरच्या निवड.

१२ मे, शुक्रवार

गुनादीकडे गेलो. दारापाशी कोळंबीवाली. खालचा मजला भरला. वर, जिन्याच्या टोकाला, कोपऱ्यातला गाळा आहे. नळ एक. गुनादी हसला नाही. तो हसेल म्हणून मी वाटेत उत्तर तयार केले होते, ते वाया गेले. बूदेने सही केली. तिची सही फार सुंदर आहे, मी आजवर पाहिलीच नव्हती.

२२ मे, सोमवार

सामान हलवले. पातेले, बाके, स्टो, वाट्या. पाक सक्री यांनी चार फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीला म्हणाले, मिस्टर, मी काय वर यायचो नाही हं, रिक्षा खाली कोणाच्या बापावर सोडू? बूदे जिना चढताना दर तीन पायऱ्यांनी थांबून खाली मंडईकडे पाहत होती. जणू पाहण्यासाठीच थांबत होती.

संकल्प : नियमित व्यायाम. पाणी वर मीच न्यायचे.

१ जुलै, शनिवार

रमजान आणि ईदमुळे गाळा उघडला नव्हता. मंगळवारी उघडणार.

बूदेने या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितले. म्हणाली, आपल्या जुन्या दुकानाचा एक फोटो मोठा करून लाव ना भिंतीवर. जुनं गिऱ्हाईक वर आलं तर ओळखेल, म्हणेल, ही तीच. तू तर किती काढलेस.

काढले आहेत. अर्जासाठी, सर्व बाजूंनी. आज सगळे पाहिले. इमारत स्पष्ट यावी म्हणून मी संध्याकाळी, दुकान मिटल्यावर काढत असे, आणि बूदे दारात बसलेली असली तर तिला जरा आत जा म्हणत असे. ती आत जाऊन दार लावून घेत असे. एकाही फोटोत ती नाही. पातेले नाही, वाफ नाही, बाके नाहीत. कमानी उत्तम आल्या आहेत.

गल्लीत जाऊन आलो. आमच्या जागेभोवती पत्रे ठोकले आहेत. पत्र्यांच्या वर आता नुसते आभाळ.

४ जुलै, मंगळवार

त्यातल्या त्यात चांगला फोटो मोठा करून लावला. बूदे म्हणाली, छान आहे, दार आपलंच आहे.

सकाळपासून कुणी नाही. रस्सा तीनदा गरम केला. अकराच्या सुमारास एक बाई पिशवी सांभाळत, धापा टाकत जिना चढून आल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बूदेने डाव उचलला. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. तीन कमानी, तिन्ही दारे बंद.

त्या म्हणाल्या, अगं बाई, आज बंद का?

मी उत्तर नीट वाक्यात जुळवेपर्यंत त्या अर्धा जिना उतरल्या होत्या.