परवानगी लवकर आली

२४ एप्रिल, हूफडॉर्प, नेदरलँड्स

आज पुन्हा उजाडता उजाडता गोळी.

मागच्या शेतात हेंक नावाचा शेतकरी आहे. कोवळा गहू खायला रानबदकं उतरतात, त्यांच्यावर तो बंदूक चालवतो. रीतसर परवान्यानं. योगिनीनं घर घेतलं तेव्हा फोनवर, "आई, मागे नुसतं मोकळं शेत, काय व्ह्यू आहे!" बंदुकीबद्दल आमची लेक अवाक्षर बोलली नाही.

गोळी सुटली आणि ह्यांनी मला खांद्याला धरून खाली खेचलं. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आम्ही दोन म्हातारी माणसं. "अगं, खाली बस. सायरन न देता ब्लास्ट कुणी केला?" माझ्या डोक्यावर स्वतःचा हात धरून. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत ह्यांची सगळी नोकरी झाली. तिथे ब्लास्टचे दगड कधीकधी कॉलनीपर्यंत यायचे. इथे डोक्यावरून विमानं जातात त्याचं ह्यांना काही वाटत नाही, गोळीचं वाटतं.

माझा गुडघा सुजला आहे.

२६ एप्रिल

आज गोळी सुटल्यावर ह्यांचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त आलं. योगिनीनं डॉक्टरांकडे फोन केला. पॅरासिटामॉल द्या म्हणे. इथे मेलेल्या माणसालाही आधी पॅरासिटामॉल देऊन बघत असतील.

संध्याकाळी योगिनी बोललीच. "पुण्याला गेलात की बाबांना त्या केअर सेंटरमध्ये ठेवूया. तुला एकटीला झेपत नाही, आई." मी म्हटलं, तुझ्या बाबांना आवरायला मी समर्थ आहे, त्या शेजाऱ्याला कोण आवरणार? "अजून एकदा पडले ना, तर मी तुझं ऐकणार नाही." बोलण्याची ही पद्धत माझीच. तिला कुठून आली हे कुणाला विचारू!

बाकी दिवसभर हे शांत. मला नर्स समजतात, सिस्टर म्हणतात. "सिस्टर, चहा मिळेल का? त्रास नसेल तर." कॉन्व्हेंट शाळेत मी ज्यांना सिस्टर म्हणून छळलं, त्या सगळ्या जणी वरून बघून हसत असतील.

२९ एप्रिल

हेंककडे गेले. योगिनी नको नको म्हणत होती – "इथे असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाहीत, आधी मेसेज करतात." त्याची गोळी काय मेसेज करून येते?

माणूस बरा निघाला. सगळं ऐकून घेतलं. कॉफी दिली. म्हणाला, "मॅडम, बदकं मारणं मला थांबवता येणार नाही. सायलेन्सर लावता येईल. पण त्याला पोलिसांची वेगळी परवानगी लागते."

किती वेळ लागेल?

"महिने. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तिथे पूर्वी वर्ष वर्ष थांबायचे, आता काही दिवसांत मिळते."

आमचा व्हिसा जुलैच्या सुरुवातीला संपतो. हे मी त्याला सांगितलं. त्यानं खांदे उडवले.

म्हणजे बंदूक घरात आहे, ती चालते, त्याला हरकत नाही. मारायला हरकत नाही, आवाज न करता मारायला हरकत. धन्य आहे.

६ मे

हेंकच्या अर्जाला जोडायला पत्र लिहून दिलं. कॉन्व्हेंटचं इंग्रजी – एक शब्द उद्धट नाही, एक शब्द मऊ नाही. योगिनीनं वाचलं आणि म्हणाली, "हे वाचून मलाच भीती वाटली."

१९ मे

काही नाही. पहाटे दोनदा गोळी. दोन्ही वेळा ह्यांनी मला खाली दाबून धरलं. नंतर उठताना, "सिस्टर, तुम्हाला लागलं का?"

कंटाळा आला आहे.

२८ मे

परवानगी आली! हेंक स्वतः दारात आला – तोसुद्धा मेसेज न करता. त्याचाच विश्वास बसत नव्हता. "तुमच्या पत्राला घाबरले असतील, मॅडम." मी हसले. शनिवारी दुकानातून आणतो म्हणाला.

२ जून

पहाटे खिडकीत उभी होते. हेंक शेतात दिसला. बदकं उडाली, एक खाली पडलं. आवाज म्हणाल तर कुणी जाडसं पुस्तक मिटावं तेवढा. हे गाढ झोपलेले.

८ जून

आठवडाभर धडपड नाही, जखम नाही. जेवतात. बागेत बसतात. योगिनी म्हणाली, "मानलं तुला, आई." केअर सेंटरचं नाव काढत नाही.

जिंकल्यावर माणूस इतकं दमतं?

१२ जून

भाजी निवडत होते. हे समोर बसले होते.

"सिस्टर, तुमचं लग्न झालंय?"

हो म्हटलं.

"यजमान काय करतात?"

खाणीत होते.

"मग सांभाळून राहा. ब्लास्टच्या वेळी बाहेर थांबू नका. दगड फार जोरात लागतो." मग म्हणाले, "आमच्या हिला मी किती वेळा सांगतो. ऐकत नाही."

कुठे असते ती, विचारलं. इकडे तिकडे बघितलं. म्हणाले, "येईल."

सायलेन्सर लागल्यापासून "अगं" ऐकलेलं नाही. घाबरले की तेवढ्यापुरती मी ओळखू यायची. पहाटेच. गुडघ्याला शेक देत बसले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१५ जून

टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. भिंतीला उशा लावल्या. योगिनीला सांगितलेलं नाही. मी काय मागते आहे ते मला कळतं.

हेंककडे जाऊन आले. म्हटलं, उद्या पहाटे ते नळकांडं काढ आणि एकदा उडव. एकदाच.

तो म्हणाला, "त्याला परवानगी लागत नाही."