तुझी अँबेसेडर, अण्णांची काँटेसा

आई, तुझी अँबेसेडर काल गेली. जालन्याहून एक माणूस मंठ्याला आला होता, जुन्या गाड्या घेणारा. दोन्ही गाड्यांभोवती फिरला, बॉनेट उघडून बघितली आणि म्हणाला, "ताई, एकच नेईन. कोणती देता?"

अँबेसेडर तूच चालवायचीस, अण्णांची नजर कमी म्हणून. मलाही तिच्यावरच शिकवलंस, तुझ्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईच्या माळावर. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. मी क्लच झटकन सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची आणि तू ओरडायचीस, "एवढी जल्दी कशाची करून राह्यली? कुणी पळून चाललंय का?" मंग स्वतःच हसायचीस. पुढच्या लांब सीटवर आपण तिघं मावायचो. इंजिनाचा एवढा आवाज, की साधं बोलायचं तरी ओरडावं लागे.

काँटेसा अण्णांनी तुझ्या आजारपणात घेतली. तीही जुनीच, पण लांब, ठेंगणी, गादीसारख्या सीटची. तुला दचके बसू नयेत म्हणून. त्या दिवशी तिच्यातूनच तुला जालन्याच्या दवाखान्यात नेतेय. मी चालवतेय, तू मागे, अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून. काचा बंद. इंजिन ऐकूच येत नाही.

"थांबलो का गं?" तू विचारतेस.

"न्हाई आई, चालू राह्यलो बराबर."

थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारतेस. त्यानंतर विचारत नाहीस. बऱ्याच वेळानं अण्णा मागून म्हणतात, "आता हळू घेतली तरी चालंल." मी हळू घेते.

त्या माणसाला वाटलं, मी तुझी गाडी ठेवीन. मलाही तसंच वाटलं होतं. पण हातात किल्ली आली ती अँबेसेडरची, आणि मी ती देऊन टाकली. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी त्याच्या चहाचा कप विसळत होते.

अण्णाही आता नाहीत. काँटेसा सुरू होत नाही. संध्याकाळी मी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसते, काचा लावून. रडू येत नाही. तुझी आठवणही म्हणावी तशी येत नाही. नुसती बसते. हेही तिथंच बसून लिहिलं. पाठवायचं कुठं, म्हणून घडी घालून ठेवतेय. शेजारीण विचारते, "एवढा वेळ आत काय करून राह्यल्या?" मी सांगते, गाडी साफ करतेय. खरं तर त्या सीटला तुला नेलं त्या दिवसापासून मी फडकं लावलेलं नाही.