हेडफोनमधली बाई

३ मे
नोकरी लागली! सेंट-पिएरच्या तळावरून पर्यटकांना हेलिकॉप्टरने ज्वालामुखी दाखवायला नेणारा नवा पायलट म्हणजे मी. पहिल्याच दिवशी चार फेऱ्या. डोंगर दोन आठवडे धुमसतोय. काळ्या खडकांच्या त्या अफाट मैदानात लाव्हाची केशरी वाट दिसली की मागे बसलेली मोठी माणसं पोरांसारखी ओरडतात. दुपारी ग्रामून इस्नेलनी (ग्रामून म्हणजे इथल्या बोलीत आजोबा), तळावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या मेकॅनिकनी, डब्यातलं टोमॅटोच्या तिखट रश्शातलं अर्धं सॉसेज-रुगाय मला वाढलं. खा बाबा, म्हणाले, आधीचा पायलट फारच वाळला होता. घरी मिरेयने रताळ्याचा केक केला होता. बायकोला इतकं खूश कितीतरी दिवसांनी पाहिलं.

६ मे
एक गंमत. उतरल्यावर एका फ्रेंच आजींनी माझे हात धरून आभार मानले. हेडफोनमधल्या बाईने किती छान माहिती सांगितली, म्हणाल्या. बाई कुठली? माहिती मीच सांगतो, तीही रडतखडत.

९ मे
आज तिन्ही फेऱ्यांतल्या लोकांनी त्या बाईबद्दल विचारलं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं, मला सोडून. शेवटच्या फेरीतला एक गृहस्थ तर भडकलाच. ती मघापासून मेदेरिक, मेदेरिक करून हाका मारतेय, निदान ओ तरी द्या की, म्हणाला.
माझं नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं.

१० मे
ग्रामूनना गाठून विचारलं. त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, ती नोएलीन. आपली गाईड. तीन वर्षांपूर्वी फोटो काढायला खडकावर उतरली आणि ढग खाली आले. पायलट प्रवाशांना घेऊन निघाला, लगेच परततो म्हणून. ढग चार दिवस हटले नाहीत. शोधायला चालत गेलेल्यांना ती सापडली नाही. तिच्याजवळ वायरलेस होता. दोन दिवस आम्ही इथे बसून तिचं ऐकत होतो रे, म्हणाले, आणि येतोय, येतोय सांगत होतो.

१२ मे
मिरेयला सगळं सांगितलं. ती हसली. दुसरी बाई तुला हाका मारणार आणि मी घरात बसून राहू? उद्याची पहिली फेरी रिकामी आहे ना, मी येते, म्हणाली. नको म्हणायला हवं होतं. पण हेडफोनमधली ती काय बोलते, ते मला कुणीतरी आपल्या माणसाने सांगायला हवं —

१३ मे, सकाळी १०
उतरावं लागलं. मिरेय आधी हसत होती, मग हेडफोन कानावर दाबून ऐकायला लागली, मग रडत माझा हात ओढायला लागली — नोएलीन दमलीय, तिला घे. मी नाही म्हणेपर्यंत समोरचं सगळं ढगाने पांढरं. जुन्या, थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर टेकवलंय. इंजिन चालू होत नाही. तळावरून म्हणतात, येतोय.

११.३०
अजून येतोयच म्हणतात. खालून ऊब लागतेय. काचांवर राख, आत अंधार. मिरेय वायरलेस घेऊन काचा पुसायला उतरली होती, आता परत शेजारी येऊन बसलीय; तिचा हात घट्ट धरून बसलोय. ती बोलत नाही.

१२ —
आता मलाही ऐकू येतंय. हेडफोनमध्ये. बाईचा आवाज. पण हा तर —
मिरेय. रडतेय. मी काचा पुसायला उतरले होते, म्हणते, आता तू कुठेच दिसत नाहीस. पाय भाजतायत. मेदेरिक, ओ दे ना.
मग माझ्या हातातला हा हात कुणाचा —